पान एकतीस, ओळ तिसरी

१

नावाडीण मेल्याचं मला एका नऊ वर्षांच्या मुलीच्या पत्रातून कळलं.

पाकिटावर ‘चूक शोधणाऱ्यांस’ एवढंच लिहिलेलं, म्हणून ते माझ्या टेबलावर आलं. आत पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी होत्या. ‘पान एकतीसवर चूक झाली आहे. आम्ही काल खेळायला बसलो आणि हाक मारली आणि बाबांनी वाचून दाखवलं की नावाडीण आता नाही. भाऊ अजून जेवला नाही. लवकर दुरुस्त करा.’

मी हसले. पान एकतीस मी अक्षर न् अक्षर तपासलं होतं. त्यात नावाडीण जिवंत होती. शाळा मी आठवीत सोडली. पुढचं सगळं शिक्षण लोकांच्या चुकांवर झालं. मुद्रितशोधक म्हणतात मला. कचेरीत ‘कानामात्रा’ म्हणतात, तोंडावरच. एवढी मोठी चूक माझ्या हातून सुटणं शक्यच नव्हतं.

छापून आलेलं पुस्तक उघडलं. पान एकतीस. खाली चौकट. चौकटीत मी जन्मात न वाचलेला मजकूर.

‘नावाडीण आता नाही. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी ती गेली.
डाव्या हाताने वल्हं मारणारं आता या नदीवर कोणी उरलं नाही.
ऐलतीरावरच्या तिच्या खोपटात दिवा लागत नाही.
हाक मारू नका.’

हसू जिथल्या तिथे वाळलं.

आम्ही खेळ छापतो. पत्त्यांचा किंवा सोंगट्यांचा नव्हे. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि पेच पडला की फासे टाकतात. गोष्ट घडते तो मुलूख आम्ही रचलेला आहे. त्याचं नाव दुथडी. मधून एक रुंद नदी आणि दोन्ही काठांना माणसं. दर वर्षी एक नवी मोहीम पुस्तकातून निघते आणि घराघरांतल्या टेबलांवर खेळली जाते. आमच्या कचेरीचा धर्म एकच: छापलं ते घडलं. पुस्तकात पूल जळला की तो सगळ्यांसाठी जळला. पुढच्या लेखकाने पोहून जावं.

चुकीलाही तोच कायदा. पाचव्या मोहिमेत ‘दोनशे घोडे’चा काना आणि मात्रा पडली आणि ‘दोनशे घडे’ छापले गेले. तेव्हापासून दुथडीच्या राजाची फौज डोक्यावर पाण्याचे घडे घेऊन लढाईला जाते. सहाव्या मोहिमेच्या लेखकाला कारण शोधावं लागलं: शत्रूचा मुलूख कोरडा, फौज तहानेने मरू नये. आज लोक त्या घडेवाल्यांवर जीव टाकतात. त्या प्रकरणानंतरच मला नोकरीला ठेवलं.

म्हणजे आता नावाडीण मेली होती. सगळ्या घरांत, एकदम.

दार ढकलून मालक आत आले. त्यांच्या हातात छापखान्याकडून परत आलेला, तपासून सही केलेल्या पानांचा गठ्ठा होता.

‘‘सकाळपासून फोन थांबत नाहीये,’’ ते म्हणाले, ‘‘हे बघ आणि सांग, ही सही कुणाची?’’

पान एकतीस. चौकट. चौकटीत तो मजकूर. खाली कोपऱ्यात सही.

माझी.

२

सही खरी होती. खोटी असती तर बरं वाटलं असतं.

‘‘माफीपत्रक काढायचंय,’’ मालक म्हणाले. ‘‘चूक कुणाची ते त्यात लिहायचं. संध्याकाळी पाचपर्यंत दुसरं नाव आण. नाहीतर तुझंच नाव छापतो.’’

त्यांनी छापलं की ते घडलं. मग माझ्या हाती कोण कागद देणार? मला दुसरं काहीही येत नाही.

मी पट्टी घेतली आणि कागद खिडकीशी नेला. वरच्या परिच्छेदाला पट्टी लावली, ओळ सरळ. चौकटीतल्या ओळीला लावली. केसभर तिरकी. चारही ओळी तशाच तिरक्या. म्हणजे हा कागद यंत्रातून दोनदा गेला होता. मी सही केली तेव्हा चौकट रिकामी होती. कुणीतरी सही केलेलं पान पुन्हा यंत्रात घालून रिकाम्या जागेत मजकूर उठवला आणि संगणकातल्या पानातही भरला. संगणक एकच, सगळ्यांचा. त्याचा परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवलेला.

आता आठवलं. मी रिकाम्या चौकटीवर सही केली होती, कारण चौकटीत चित्र येणार होतं आणि चित्रं माझ्या अखत्यारीत नाहीत.

चित्रकार बाई माझ्या पाठीला पाठ लावून बसते. सात वर्षं. तिच्या पाठीची मला जास्त ओळख आहे.

‘‘पान एकतीसचं चित्र का नाही दिलंस?’’

‘‘नको म्हणून चिठ्ठी होती माझ्या टेबलावर. ‘चौकट रिकामी ठेवावी.’ मी म्हटलं, सुटले. तोच चेहरा किती वेळा काढायचा?’’

‘‘चिठ्ठी कुणाची?’’

‘‘टाइप केलेली. इथे सगळ्याच चिठ्ठ्या टाइप केलेल्या असतात. माणसं बोलतात कुठे?’’ तिने छापलेलं पान ओढून घेतलं आणि भुवया चढवल्या. ‘‘आणि हे ‘डाव्या हाताने’ काय? मी तिला कायम उजव्या हातात वल्हं दिलंय. मुखपृष्ठं काढून बघ. एका तरी पुस्तकात ती डावखुरी आहे का?’’

मी सगळी पुस्तकं काढून बघितली. नव्हती. एकाही नाही.

मग ती डावखुरी आहे हे कुणाला ठाऊक होतं?

३

नव्या मोहिमेचा लेखक बाहेर पायऱ्यांवर बसून सफरचंद खात होता.

‘‘ताई, मी नाही मारलं तिला,’’ मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. ‘‘मारावंसं वाटलं होतं. प्रत्येक मोहीम त्याच वाक्याने सुरू करायची, ‘नदीकाठी उभे राहा आणि हाक मारा.’ वीट आला. पण मारली असती तर वादळात मारली असती, पाच पानं खाल्ली असती. चार ओळींत उरकायला मी काय तार पाठवतोय?’’

खरं होतं. हा माणूस दार उघडायलाही अर्धं पान घेतो.

‘‘आणि ज्याने केलंय त्याला दुथडीचं ओ की ठो ठाऊक नाही,’’ तो पुढे म्हणाला. ‘‘तिसरी ओळ वाच. ऐलतीर! ती पैलतीरावर राहते. शेंबडं पोर सांगेल. ती पलीकडे राहते म्हणूनच तर हाक मारावी लागते ना!’’

ही नजरचूक मलाही सकाळीच खुपली होती. पैलतीराचं प्रकरण घड्यांपेक्षा जुनं आहे. पहिल्या मोहिमेत छापून आलं, ‘नावाडिणीचं खोपट पैलतीरावर.’ मग दुसऱ्या लेखकाने हाक मारण्याचा प्रसंग लिहिला. तिसऱ्याला प्रश्न पडला की बाई एकटी पलीकडे का राहते? त्याने तिचं गावाशी भांडण लावून दिलं. चौथ्याने सांगितलं की तिला रात्री गावातले दिवे दिसतात आणि ती ते मोजते. एकेका पुस्तकाने ती अशी एकेक पाऊल लांब गेली. लोकांना तेच आवडायचं. सगळी घरं मिळून एका एकट्या बाईला हाका मारायची.

म्हणजे ऐल लिहिणारा अडाणी हवा. अडाणी एकच होता, आणि त्याची केबिन होती.

‘‘मालक, एक विचारू? नावाडिणीचं खोपट कुठल्या काठाला?’’

‘‘काठाला असेल कुठेतरी. नावाडी डोंगरावर राहतात का?’’ ते फोन हाताने झाकून म्हणाले. ‘‘मी ही पुस्तकं वाचत नाही. बाबांचं खूळ ते.’’

‘‘पहिली मोहीम थोरल्या मालकांनीच लिहिली ना? मूळ कागद आहेत?’’

‘‘बाबांनी?’’ ते प्रथमच हसले. ‘‘मुखपृष्ठावर नाव आहे त्यांचं. बाबांना चार ओळींची चिठ्ठी लिहायची तर आपल्या काकांना बोलवायला लागायचं. जा आता. तीन वाजलेत.’’

मी बाहेर आले. मालकाला काठ ठाऊक नाही, पण मग त्याला हातही ठाऊक नसणार. ज्याला काठाचा पत्ता नाही तो कुठल्याच पुस्तकात नसलेली डावखुरी बाई कुठून आणेल?

अडाणीही नाही आणि जाणकारही नाही. मग कोण?

४

काकांकडे जायला मला आधी सुचलंच नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळावर कोण संशय घेतं?

काका म्हणजे दुथडीचे बखरवाले. मोहीम छापून आली की तिच्यातली प्रत्येक गोष्ट ते एका जाडजूड वहीत हाताने उतरवतात. कोण मेलं, कुठला पूल पडला, राजाची शेळी कुठल्या रंगाची. बावीस वर्षं. एकदा एका लेखकाने त्या शेळीला काळी केली तर काका तीन दिवस त्याच्याशी भांडले. लोक नावाडिणीला पत्रं लिहितात, त्यांना तिच्या नावाने उत्तरं देण्याचं कामही काकांचंच. खाली मागे कलणाऱ्या अक्षरांत सही असते: ‘नावाडीण’. लोक ती सही जपून ठेवतात.

ते खिडकीला पाठ करून बसले होते. टेबलाखाली पत्रांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा होता.

‘‘काका, तिच्या मरणाची पत्रं असतील ना यात? बघू?’’

‘‘जुनी आहेत,’’ ते म्हणाले.

वरच्या पाकिटावरचा शिक्का थंडीतला होता. पाकीट फोडलेलं नव्हतं. मी टेबलावरची कात्री घेतली आणि सुतळीवर चालवली. सुतळी पात्यांमध्ये नुसती दुमडली. पुन्हा चालवली. पुन्हा दुमडली.

‘‘राहू दे,’’ काका म्हणाले. ‘‘ती तुला नाही चालायची.’’

‘‘धार लावून घ्या की. कसली बोथट कात्री!’’

 मी गठ्ठा तसाच ठेवला आणि बखर पुढे ओढली.

‘‘पान एकतीसची नोंद करू नका अजून. कुणाचा तरी चावटपणा आहे. मी शोधून—’’

वही उघडली. नोंद झालेली होती. काकांच्या उभ्या, स्वच्छ अक्षरात. ‘नावाडीण वारली.’ शाई केव्हाच वाळली होती.

शेळीच्या रंगासाठी तीन दिवस भांडणाऱ्या माणसाने हे मरण एका ओळीत उतरवलं होतं. कुणाला काही न विचारता.

५

चार वाजून गेले होते. मी हजेरीचं कपाट उघडलं आणि रजेचे अर्ज काढले. सहा महिन्यांपूर्वीचे. काकांचा एकच सापडला. दिवस: एक. कारण: त्यापुढची चौकट रिकामी. खाली मालकांची सही.

बावीस वर्षांत त्या माणसाने घेतलेली ती दुसरी की तिसरी रजा असेल. कारण कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसून कुणाच्या तरी वेलांट्या सुधारत होते. मला आठवत होतं, त्या आठवड्यात ते घरून एक कात्री घेऊन आले होते. नवी कशाला आणलीत, असंही मी विचारलं नव्हतं.

कात्री.

मी परत गेले. काका जागेवरच होते. मी कात्री उचलली, डाव्या हातात. बोटं नीट बसेनात, पण सुतळीला पातं लावलं मात्र, एका दाबात तुटली.

काका उजव्या हाताने लिहितात.

‘‘ही बोथट नाही,’’ मी म्हटलं. ‘‘ही डाव्या हाताची आहे.’’

ते गठ्ठ्याकडे बघत राहिले. पत्रं टेबलाखाली हळूहळू घसरत पसरली.

‘‘मी सकाळपासून ऐल लिहिणारा अडाणी शोधतेय,’’ मी म्हणाले. ‘‘तिथेच चुकलं. पैलतीर छापल्यावर आलेल्या सगळ्यांना पैलच ठाऊक. ऐल लिहील तो छापायच्या आधीचा माणूस. पहिली मोहीम तुम्ही लिहिलीत, काका. तिच्यात खोपट ऐलतीरावर होतं. टंकणाऱ्याने ‘ऐ’चा ‘पै’ केला. आणि तुम्ही तिला डावखुरी लिहिलं नाहीत कारण त्याची गरजच नव्हती. ती तुमच्या घरात होती.’’

काकांनी घसरलेलं एक पाकीट उचलून मांडीवर ठेवलं.

‘‘चौघं बसायचो आम्ही,’’ काका म्हणाले. ‘‘थोरले मालक, त्यांची बायको, मी आणि ही. खेळ नुकता जुळत होता. सगळ्यांनी तलवारी घेतल्या. ही म्हणाली, मला तलवार-बिलवार नको बाई, मी नाव चालवते. तुम्ही भांडून आलात की घरी आणून सोडते. म्हणून मी खोपट गावाशेजारी ठेवलं. ऐलतीराला. छापून आलं तर ही पलीकडे. मी भांडलो. थोरले म्हणाले, छापलं ते घडलं. हिला गंमत वाटली. म्हणाली, बघा हं, एका अक्षराने मला नदीपार घालवलंत.’’

‘‘पत्रांवरची सही...’’

‘‘तिची. मी उत्तर लिहायचो, घरी न्यायचो, ती सही करायची. डाव्या हाताने, अशी मागे कलती.’’ त्यांनी हवेत बोट फिरवलं. ‘‘ती गेली आणि पत्रं येतच राहिली. ‘नावाडीण काकू, कशी आहेस? आमची हाक ऐकू येते का?’ काय लिहू? मजेत आहे? घरी कुणी विचारणारं नाही, आणि इथे महिन्याला वीस जण तिची खुशाली विचारतात. मला तिला कुठेतरी मेलेली लिहायचं होतं, पोरी. एकदा छापलं असतं की घडलं असतं. माझ्याच्याने ते नुसतं घरात घडेना.’’

‘‘आम्हाला सांगायचंत!’’ मी ओरडले. मला त्यांचा राग आला होता, आणि तो त्यांचा नव्हता.

‘‘विचारलं कुणी?’’

ते रागाने बोलले नाहीत. तेच झोंबलं.

‘‘तुझी सही होती त्या पानावर,’’ ते म्हणाले. ‘‘तेवढं मात्र माझ्या डोक्यात नाही आलं. पाच वाजत आलेत. जा, सांग माझं नाव.’’

६

मी जागेवर बसून दोन ओळी टाइप केल्या आणि मालकांच्या पुढे कागद ठेवला.

‘‘हे काय? मी नाव मागितलं होतं.’’

‘‘शुद्धिपत्र आहे. प्रत्येक पुस्तकात घालायचं. नाव खाली आहे.’’

त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘‘ ‘पान एकतीस, चौकट, ओळ तिसरी: ऐलतीर हा शब्द पैलतीर असा वाचावा. बाकी मजकूर बरोबर आहे. चूक मुद्रितशोधकाची.’ ’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘डोकं ठिकाणावर आहे का? मरण तसंच? आणि हे लिहिलं कुणी ते?’’

‘‘रिकाम्या चौकटीवर सही मी केली. त्यात पुढे काय भरलं गेलं ते माझ्या माथी.’’

‘‘मग उद्यापासून येऊ नकोस.’’

‘‘येत नाही. पण तुम्हीही एकदा हे बघा.’’ मी रजेचा अर्ज शुद्धिपत्राशेजारी ठेवला. ‘‘ही सही कुणाची?’’

त्यांनी बघितलं. कारण: काही नाही. खाली त्यांचं झोकदार नाव.

काका दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. बखर छातीशी धरलेली.

‘‘तिला घालवू नकोस,’’ ते मालकांना म्हणाले. ‘‘मी केलंय. तुझी काकू वारली रे. थंडीत.’’

मालक दुथडीचं एक पान न वाचलेला माणूस. पण लहानपणी ज्या घरी टेबलाखाली फाशांशी खेळत बसायचा ते काकांचं घर होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मालक उतरला आणि खाली कुणीतरी फार लहान उरलं.

‘‘काकू?’’ ते म्हणाले. ‘‘मला कुणी... काका, मला सांगितलं नाहीत?’’

काकांनी टेबलावरच्या अर्जाकडे नुसतं बघितलं.

फोन वाजत होता. कुणी उचलला नाही. मग मालकांनी पेन काढलं, शुद्धिपत्रातले शेवटचे दोन शब्द खोडले आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘‘छापायला पाठव,’’ ते भिंतीकडे बघत म्हणाले.

बाहेर येऊन मी कागद काकांना दाखवला. मला धास्ती होती. बावीस वर्षं ज्या अक्षराशी ते भांडले तेच मी पुन्हा छापायला निघाले होते.

‘‘ऐलच ठेवायचं असेल तर सांगा,’’ मी म्हटलं. ‘‘अजून गेलेलं नाही.’’

त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला. ओठ हलवत वाचला. मग बखर उघडून पेनाचं टोपण काढलं आणि ‘नावाडीण वारली’च्या खाली सावकाश लिहिलं: ‘पैलतीरावर असते.’

‘‘इतकी वर्षं चूक होती,’’ ते म्हणाले. ‘‘आता बरोबर आहे.’’

पसरलेली पत्रं आम्ही दोघांनी गोळा केली. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. पहिलं उत्तर मात्र मी माझ्याच नावाने लिहिलं, त्या नऊ वर्षांच्या मुलीला.

‘पान एकतीस मी पुन्हा तपासलं. चूक एका अक्षराची होती, ती दुरुस्त केली आहे. बाकी खरं आहे. भावाला जेवायला घाल. आणि हाक मारावीशी वाटली तर मारा. ओ येणार नाही, एवढंच.’